मागाच्या खड्ड्यातले ससे

सडकेच्या कामावरच्या साहेबांच्या बंगल्यातून शिपाई आला, तेव्हा मी अंगणात चिंचोक्याची खळ ढवळत बसले होते. आमचं घर सणगरांचं, घोंगड्या विणणाऱ्यांचं. ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावल्याशिवाय घोंगडीला ताठपणा येत नाही, आणि ढवळणारा हात थांबला की खळीच्या गाठी होतात. म्हणून मी उठले नाही.

"बेगमसाबनी बोलावलंय. लोकर सोडवायची हाय म्हने," शिपाई म्हणाला.

"कुनाची लोकर?" अत्तीनं विचारलं. सासूला आम्ही अत्ती म्हणायचो. ती आळंदकडची, तिच्या बोलण्यात निम्मं कानडी असायचं.

"सशांची."

अत्ती खळीच्या भांड्याकडं बघत म्हणाली, "जा बाई. सशाची लोकर बघून ये, म्हंजे मरायला मोकळी."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी लग्न होऊन नळदुर्गात आले त्याला चार वर्षं झाली होती आणि माझी थोरली अजून जन्मायची होती. गावात माझ्या सुताचं नाव होतं. मेंढीची कसलीही गुंतलेली लोकर दिली तरी मी ती न तोडता सोडवायची. शिपायाला हे कुणीतरी सांगितलं असणार.

बंगल्याच्या मागच्या ओसरीत जाळीची खोकी होती. आत पांढरे चार गठ्ठे बसलेले. डोळे लाल, कानांच्या टोकांना तुरे, आणि अंगावर चार चार बोटं लांब केस, कोकराच्या पहिल्या कातरणीच्या, जावळाच्या लोकरीपेक्षाही मऊ. पण पोटाखाली, काखेत, मागच्या पायांपाशी ते केस गुंतून त्यांचे घट्ट नमदे झाले होते. एकीला तर पाय पुढं टाकता येत नव्हता. नर एक आणि माद्या तीन. पाचवा मेला होता. सलोत्र्यानं, जनावरांच्या डॉक्टरनं, तो कापून बघितला, तर जठरात केसांचा गोळा निघाला. बेगमसाबनी तो गोळा बरणीत ठेवला होता. त्या पस्तिशीच्या असतील, अंगानं बारीक. बरणी माझ्यापुढं धरून त्या म्हणाल्या, "बाल चाट चाट के मरा. मेरे से नै सुलझते. तू कर सकती क्या?"

"करते," मी म्हणाले.

तीन दिवस लागले. फणी मी बाजूलाच ठेवली. गाठ टोकाकडून उकलत मुळाकडं जायचं, कातडीवर ओढ येऊ द्यायची नाही. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते. हात लावला की त्याचं काळीज बोटाखाली फडफडायचं. ससा ओरडत नाही. भीती वाटली की मागचा पाय भुईवर आपटतो, तेवढंच. चौथ्या दिवसापासून मी रोज सकाळी बंगल्यावर जायला लागले.

केस कातरायची वेळ आली. आम्ही मेंढरं कातरायच्या आधी बोरी नदीत धुतो. मला वाटलं, तेच इथंही. बेगमसाब आत होत्या. मी विचारलं नाही. सगळ्यात लहान मादीला बादलीत बुडवून धुतलं. मेंढराच्या लोकरीला तेल असतं, पाणी ओघळून जातं. हिच्या अंगावर पाणी चढलं ते बसलंच. मी तिला उन्हात ठेवलं, फडक्यानं पुसलं, पदरात धरलं. संध्याकाळपर्यंत आतले केस ओलेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आखडून पडली होती.

बेगमसाब रागं भरल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "अब जाओ."

तीन दिवस बोलावणं आलं नाही. अत्ती म्हणाली, "सुटलीस." नवरा मागावर बसलेला होता. मला मात्र घास गोड लागत नव्हता. ती मादी माझ्या हातानं मेली होती, आणि मला येतं या घमेंडीपायी मेली होती. चौथ्या दिवशी मी आपणहून बंगल्यावर गेले.

"कायको आयी?" त्यांनी विचारलं.

"शिकायला."

"तेरे कू तो ऊन का सब मालूम है."

"मेंढराचं मालूम हाय. ह्यांचं न्हाय."

त्या आत जाऊन एक काळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या आणि जमिनीवर माझ्यासमोर बसल्या. तशा त्या कधी बसत नसत.

त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ही जात तुर्कस्तानातली. तिथं अंगोरा नावाचं शहर आहे. तिथल्या बकऱ्या आणि मांजरंसुद्धा लांब केसांची म्हणून प्रसिद्ध. जहाजावरच्या खलाशांनी हे ससे फ्रान्सात नेले, तिथं मोठ्या घरच्या बायका हौसेनं पाळू लागल्या, मग लोकरीसाठी घरोघर झाले. बेगमसाबना ते निलगिरीच्या डोंगरात राहणाऱ्या एका मडमेकडून मिळाले होते. निजामाच्या सगळ्या मुलखात त्यांच्या माहितीतल्या अजून दोनच घरांत असे ससे होते, आणि त्यातल्या एका घरी आता फक्त रिकामी खोकी उरली होती. "ठंडे मुल्क का जानवर है," त्या म्हणाल्या. "हमारे शौक में मरता."

मग संगोपन. कान धरून उचलायचं नाही, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. दर तिसऱ्या दिवशी केस विंचरायचे. तीन महिन्यांनी कातरायचे, पण कोरडे. ओला चारा द्यायचा नाही, पोट फुगतं. वाळलेली हरळी सतत पुढं हवी. गवत पोटात गेलं तर गिळलेले केस त्याच्याबरोबर पुढं सरकतात, गोळा होत नाही. दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी. दोन नर एका खोक्यात ठेवले तर एकमेकांना फाडतात. मी बंगल्यावरून घरी येताना हे सगळं रस्त्यानं मनात घोकत यायची.

उन्हाळा आला तशी खरी परीक्षा सुरू झाली. चैत्रातच ओसरीचा पत्रा तापायला लागला. वाळ्याचे पडदे ओले करून लावले, तरी दुपारी ससे तोंड उघडून धापा टाकायचे, नाकपुड्या ओल्या व्हायच्या. त्यांना घाम येत नाही, कानांतून काय गरमी जाईल तेवढीच. माझ्या मनात दुसरा विषयच नव्हता.

एके दुपारी नवऱ्याला भाकरी द्यायला गेले. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा भुईवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायानं पावड्या दाबतो. बाहेर वारा भाजत होता आणि हा निवांत विणत होता.

"उकडत न्हाय का?" मी विचारलं.

"पाय गार हायेत," तो म्हणाला.

मी खड्ड्यात उतरून तळाला हात लावला. माठाच्या बुडासारखी भुई गार होती.

बेगमसाबना सांगितलं. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी मैलोगणती सडका खोदल्या होत्या, पण सशांसाठी बंगल्यात खड्डा खोदायला ते काही तयार होईनात. तेव्हा मी म्हणाले, "माझ्या घरी न्येते. आमच्याकडं एक माग रिकामा हाय."

तो माग माझ्या सासऱ्यांचा. ते गेल्यापासून अत्तीनं त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. ससे घेऊन आले तर ती दारातच आडवी आली.

"ब्याड, ब्याड. नको. तुज्या मामंजीच्या मागात ससे घालतीस व्हय?"

"उन्हाळ्यापुरतं, अत्ती."

"ब्याड म्हनले न्हवं."

मी खोकी उंबऱ्याबाहेर सावलीत ठेवली आणि तिथंच बसले. स्वयंपाकाला उठले नाही. अत्तीनं भाकरी टाकल्या, नवऱ्यानं खाल्ल्या. जेवून उठल्यावर तो आईला म्हणाला, "अव्वा, ही ऊठ म्हनून उठनारी न्हाय. खड्डा मोकळाच हाय. वीन म्हनलं तरी मला दोन मागांवर बसता येत न्हाय." अत्ती आत गेली आणि मागावरचा सासऱ्यांचा आडवं सूत टाकायचा धोटा तेवढा उचलून देवघरात ठेवून आली. ती तिची परवानगी होती.

मी खड्डा साफ करून तळाला फरशीचे तुकडे बसवले, वर बांबूची जाळी टाकली आणि जाळीवर ओलं पोतं. त्या उन्हाळ्यात एकही ससा मेला नाही. पुढचे उन्हाळेही ते आमच्याकडंच असायचे. पावसाळ्यात बंगल्यावर पिल्लं झाली, काही जगली, काही गेली. एक मादी कानात खवडे होऊन गेली. तिच्यानंतर मी दर आठवड्याला सगळ्यांच्या कानात करडीचं तेल सोडायला लागले, पुन्हा तसं झालं नाही.

मग अठ्ठेचाळीसचं साल आलं. गावात रात्री-अपरात्री माणसं पळायची, कुठल्या वस्तीवर काय झालं ते सकाळी कानावर यायचं, आणि त्यातलं खरं किती हे कळायचं नाही. पावसाळ्यात एक दिवस बेगमसाब स्वतः आमच्या घरी आल्या. आमच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं ते त्या दिवशीच. साहेबांनी बोजा बांधला होता, हैदराबादला निघायचं होतं. ससे अजून आमच्या खड्ड्यातच होते, म्हातारा झालेला नर आणि दोन माद्या, मायलेकी.

त्यांनी फणी, कातर आणि ती काळी वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ले जाती तो रस्ते में मरते. रख ले. तेरे हैं अब."

"तुमी परत आल्यावर…"

"नै आयी तो भी तेरे हैं," त्या म्हणाल्या. अत्तीला त्यांनी सलाम केला. अत्तीनं त्यांच्या ओटीत खारका आणि खोबरं घातलं. त्या वेळी कोण कुठल्या धर्माचं हे तिला सुचलं नाही, की सुचूनही तिनं घातलं, कुणास ठाऊक.

काही आठवड्यांनी सोलापूरकडून हिंदुस्थान सरकारची फौज आली. सडकेवरून दिवसभर गाड्या गेल्या, आमच्या भिंतींची माती गळत होती. पुढच्या दोन दिवसांत बंगला रिकामा झाला. दारं, खुर्च्या, वाळ्याचे पडदे, सगळं लोकांनी नेलं. तिसऱ्या दिवशी गावातलेच दोघे आमच्या दारात उभे राहिले. हातात काठ्या होत्या.

"बंगल्यातले ससे तुमच्याकडं हायेत," एक म्हणाला. "बंगल्यातलं सामान जमा करायचं हाय."

"कुनाकडं जमा?" मी विचारलं.

दुसरा हसला. "लई जपतीस. रस्सा केल्यावर वाटा पाठवतो तुला."

"त्ये सामान न्हाय. मला दिलेत बेगमसाबनी. मी देनार न्हाय."

"बाजूला हो."

मी दारात उभी राहिले. नवरा हाट करायला जळकोटला गेला होता. तेवढ्यात मागून अत्तीचा आवाज आला. ती सासऱ्यांच्या मागाच्या काठावर, ओलं पोतं आणि जाळी जराशी सारून, पाय खड्ड्यात सोडून बसली होती. मांडीवर लोकर घेऊन पिंजत होती.

"या की," ती म्हणाली. "माज्या नवऱ्याचा माग हाय ह्यो. तुमच्या बापांच्या घोंगड्या ह्याच मागावर विनल्यात. उतरा खाली. कोन उतरतं बगते."

दोघांनी खड्ड्याकडं बघितलं. मग एकानं काठी खांद्यावर टाकली आणि दोघंही गेले. अत्ती बराच वेळ तशीच पिंजत बसली होती.

थंडीत म्हातारा नर गेला. आजारी नव्हता, वय झालं होतं. आता दोन माद्या आणि पिल्लांची आशा नाही. इथवर आणून माझ्याकडं ती जात संपणार, हे मला सहन होईना.

शेजारणी म्हणाल्या, रानातला ससा आणून सोड की. रानात फासे लावणारा एक म्हातारा बाजाराला यायचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, "आनून दीन बाई, पर उपेग न्हाय. रानचा ससा बिळात ऱ्हात न्हाय. त्याची पिल्लं केसांनिशी, डोळे उघडूनच जन्मतात. तुजी आंधळी आन नागडी. जातच येगळी."

"तरी आना," मी म्हणाले.

त्यानं आणला. उंच पायांचा, तांबूस, डोळ्यांत नुसतं रान. दिवसभर तो जाळीवर अंग आपटत राहिला आणि माद्या कोपऱ्यात पाय आपटत राहिल्या. तिसऱ्या प्रहरी मी त्याला करडीच्या शेतात नेऊन सोडला. म्हाताऱ्याचं खरं होतं, पण करून बघितल्याशिवाय मला ते पटलं नसतं.

मग मला वही आठवली. ती उर्दूत होती. मी मराठी दोन यत्ता शिकले होते, उर्दू मला वाचता येत नव्हतं. गावात उर्दू शिकवणारे एक म्हातारे मास्तर होते. राज्य बदलल्यापासून त्यांच्याकडं कुणी जात नव्हतं. मी वही घेऊन गेले. म्हणाले, "मास्तर, ही पहिल्यापासून वाचून सांगा. मी मराठीत लिहून घेते."

"सगळी?" त्यांनी वही चाळली. "ह्यात नुसते ससे आहेत."

"व्हय. तेच पायजेत."

आठ दिवस मी दुपारी त्यांच्याकडं जात होते. कोण कुणाचं, कधी व्यायलं, किती जगले, कुणाला काय दिलं तेव्हा पोट बिघडलं, सगळं त्यात होतं. मी बादलीत बुडवलेल्या मादीचाही एका ओळीत उल्लेख होता. मास्तर वाचता वाचता थांबले. "'पाण्यानं गेली. बाई रडली. पुन्हा असं करणार नाही,' असं लिहिलंय." मी मान खाली घालून तेही लिहून घेतलं.

शेवटून तिसऱ्या पानावर होतं, 'सोलापुरात रेल्वेलाईनीजवळ राहणाऱ्या नर्सबाईंकडं राखी रंगाचा नर आहे. रक्त दुसरं. इथल्या माद्यांसाठी एकदा मागावा.'

मी त्याच आठवड्यात निघाले. मायलेकींतली लेक टोपलीत, वर ओलं फडकं. अत्ती म्हणाली, "एकली जाऊ नको," आणि स्वतःच लुगडं बदलून सर्विस मोटारीत येऊन बसली. सोलापुरात आम्ही दुपारपर्यंत लाईनीच्या दोन्ही अंगांना दारोदार विचारत फिरलो. लोक टोपलीत बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी एका धोब्यानं घर दाखवलं.

नर्सबाई साठीच्या, ख्रिस्ती होत्या. मादीला हातात घेऊन त्यांनी तिचे दात बघितले, कान बघितले, पोटाखाली केस चाचपले. एकही गाठ नव्हती.

"नळदुर्गात हे जगतात कसे?" त्यांनी विचारलं. "माझे दर उन्हाळ्यात जातात. आता हा एकच राहिलाय."

मी त्यांना मागाचा खड्डा सांगितला. त्यांनी कागद-पेन्सिल आणून खोली, रुंदी, पोतं किती वेळा भिजवायचं, सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मादी नराच्या घरात न्यायची. नराला मादीच्या घरात नेलं तर ती त्याला ठेवत नाही." दोन दिवस आम्ही त्यांच्या पडवीत राहिलो. अत्तीनं त्यांना ज्वारीच्या भाकरी करून घातल्या आणि पहिल्यांदाच एका ख्रिस्ती बाईच्या हातचा चहा प्याली.

घरी आल्यावर मी दिवस मोजत होते. अठ्ठाविसाव्या दिवशी मादीनं तोंडात गवत गोळा करायला सुरुवात केली. तिसाव्या दिवशी तिनं स्वतःच्या छातीचे केस उपटून घरटं भरलं. एकतिसाव्या दिवशी सकाळी घरट्यातले केस हलताना दिसले. मी हात घातला नाही. घाबरली तर मादी पिल्लं टाकून देते, कधी मारतेही. आमच्या घरात त्या दिवशी माग चालला नाही, नवरा फिरकला नाही, अत्तीनं कांडणही बंद ठेवलं. आई दिवसातून एकदाच पाजते, हे वहीत होतं म्हणून आम्ही धीर धरला. नाहीतर ही पाजतच नाही म्हणून अत्तीनं बोळ्यानं दूध घातलं असतं.

सात झाली होती. दोन गेली. पाच जगली, त्यांत दोन राखी. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडले. वैशाखाचं ऊन सुरू झालं तोवर एक खड्डा पुरेनासा झाला. मी अंगणात कुदळ घेऊन दुसरा खोदायला लागले. नवरा बघत होता. थोड्या वेळानं त्यानं कुदळ माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "कंबरेपत्तूर जायला पायजे. तुज्यानं व्हायचं न्हाय." दोन दिवसांत त्यानं तो खोदला. त्या उन्हाळ्यात पाचांतली चार जगली.

त्यांची लोकर निघाली तेव्हा ती एकटी कातता येईना, बोटांतून निसटायची. जावळाच्या लोकरीत तिसरा हिस्सा मिसळली तेव्हा धागा धरला. नवऱ्यानं त्याची एक पट्टी विणली. ती घेऊन तो लोहाऱ्याच्या बाजारात बसला होता. पुढच्या आठवड्यात लोहाऱ्याहून एक बाई आमचं घर विचारत आली. माझ्याच वयाची, विणकराच्या घरची. तिला सशांची जोडी हवी होती.

"आज मिळनार न्हाय," मी म्हणाले.

"का? हायेत की."

"आठ दिवस ऱ्हा इथं. रोज माज्यासंगं कर. मग दीन."

"घरी म्हस हाय. आठ दिवस कशी ऱ्हाऊ?"

"मग म्हस बघ."

ती रागावून गेली. अत्ती मला म्हणाली, "लई कडक झालीस तू." दोन दिवसांनी ती बाई पुन्हा दारात उभी. म्हशीची धार नणंदेकडं सोपवून आली होती. हातात कपड्यांचं बोचकं होतं.

"कुठून सुरू करू?" तिनं विचारलं.

मी तिला आधी हरळी वाळवायला बसवलं.